चाललीच आहेस तर

हॉस्पिटलच्या चादरींच्या खोलीत तिला सगळे गाठताई म्हणायचे. धुऊन आलेल्या चादरी मोजताना दर दहाला ती एका सुती पट्टीला गाठ मारायची. मध्ये कुणी गप्पा मारायला आलं, फोन वाजला, कुणाचं भांडण लागलं, तरी गाठी बघितल्या की आकडा जागच्या जागी. एकवीस वर्षांत तिच्या हातून उशीचा एक अभ्रासुद्धा इकडचा तिकडे झाला नव्हता.

आणि या बाईला घरातले सांगत होते की तुला वेळेचं गणित जमत नाही.

झालं असं होतं की तिच्या धाकट्या भावाचा पाय कारखान्यात मशीनखाली गेला, तेव्हा एका संस्थेने त्याला नवा पाय बसवून दिला होता. फुकट. आता तो त्या पायावर तीन जिने चढून येतो आणि वर बहिणीलाच विचारतो, "ताई, दम तुला लागलाय की मला?" त्याच संस्थेसाठी पन्नास किलोमीटर चालायचं होतं. जो शेवटपर्यंत पोचेल त्याच्या नावाने एका माणसाला एक पाय मिळणार. गाठताईने कुणाला न विचारता नाव देऊन टाकलं. अट एकच. त्याआधी एखाद्या रविवारी पंचवीस किलोमीटर साडेपाच तासांत चालून दाखवायचं, फोनमधल्या ॲपवर. एका जागी दहा मिनिटांच्या वर थांबलात की ॲप चाल बंद करणार, मग परत शून्यापासून.

ड्युटी सात ते तीन. त्याआधी डबे, त्यानंतर सासूबाईंचे पाय चोळणं, मुलाचं कॉलेजचं काहीतरी, रात्रीचा स्वयंपाक. तिने मधली फट शोधली, चार ते साडेपाच. हॉस्पिटलात लिफ्ट सोडून दिली. बूट भावाने आणून दिले. सगळं नीट बसलं होतं हो. पण तिसऱ्याच दिवशी ती दारात बुटांची नाडी बांधत होती तर सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, चाललीच आहेस तर माझा चष्मा टाक ना दुरुस्तीला."

टाकला. त्यात काय.

मग नवरा. "चाललीच आहेस तर माझ्या चपलेला टाका घालून आण." मग चिरंजीव, सोफ्यावरून, मान वर न करता, "आई, चाललीच आहेस तर चाळीस पानांच्या प्रिंट काढ ना." कामावर इनचार्ज सिस्टरसुद्धा म्हणायला लागल्या, "ताई, तुम्ही जिन्याने जाताच, मग या फाईली वर देऊन या." पंधरा दिवसांत तिच्या सरावाची बाजारहाट होऊन बसली. एकदा तर ती पाच किलो बटाटे खांद्याला लटकवून घड्याळ लावून चालत होती. बटाटे! आणि घरी आल्यावर नवरा म्हणतो, "आज वेळ जास्त लागला गं तुला."

हाच माणूस मागच्या वर्षी ऑफिसच्या कॅरम स्पर्धेची तयारी करत होता तेव्हा महिनाभर घरात संध्याकाळी मिक्सर लावायचा नाही असा हुकूम होता. एकाग्रता जाते म्हणे. पहिल्या फेरीत हरून आला. तेव्हा कुणी म्हणालं का त्याला, की बसलाच आहेस तर भाजी निवड? नाही म्हणालं. राग येतो तो याचाच. तिच्या चालण्याकडे बघून कुणाला ती काहीतरी करतेय असं वाटतच नव्हतं. सगळ्यांना दिसत होती ती रिकामी पिशवी.

शेवटून दुसऱ्या रविवारी ती पंचवीस पूर्ण करायला निघाली. निघताना सासूबाईंनी हातात चिठ्ठी ठेवली, रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या. आता गोळ्यांना नाही कसं म्हणणार? एकोणीस किलोमीटर झाले, पाय अजून हलके होते, वेळ हातात होता. ती औषधाच्या दुकानात रांगेत उभी राहिली. पुढे चार माणसं. रांग सरकेना. दुकानदाराने गोळ्या पुढे केल्या आणि खिशात फोन वाजला. चाल समाप्त, एकोणीस पूर्णांक दोन.

घरी येऊन तिने गोळ्या टेबलावर ठेवल्या तर सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, एक पाकीट होतं की कपाटात. मला मागाहून सापडलं."

"मग पुढच्या रविवारी कर," नवरा म्हणाला. "एवढं काय त्यात."

"पुढचा रविवार शेवटचा आहे."

"मग लवकर निघ. आणि हे बघ, चाललीच आहेस तर..."

तिने नुसतं बघितलं. तो वर्तमानपत्रात शिरला.

आठवडाभर ती चादरी मोजत होती आणि आतून धुमसत होती. भांडावं का? भांडून काय होणार, सगळे म्हणणार साधं काम सांगितलं तर केवढा तमाशा. शुक्रवारी पट्टीला गाठ मारता मारता ती मध्येच थांबली आणि एकटीच हसली. आपण कुठेतरी जातो म्हणून काम सांगतात ना? मग जायचंच नाही कुठे.

रविवारी सकाळी सहाला ती खाली उतरली. हात मोकळे, पिशवी नाही, कमरेला सुती पट्टी. बिल्डिंगला एक फेरी अडीचशे मीटर, तिने मोजून ठेवलं होतं. शंभर फेऱ्या. दहा गाठी.

चौथ्या फेरीला वॉचमन म्हणाला, "ताई, काही हरवलंय का? मी शोधू?" विसाव्या फेरीला त्याने आपली खुर्ची तिच्या वाटेतून उचलली.

तिसऱ्या गाठीला सासूबाई गॅलरीत आल्या. "अगं, कोपऱ्यावरून जरा..."

"आई, मी कोपऱ्यावर जात नाहीये."

"मग चाललीस तरी कुठे?"

"कुठेच नाही."

ती बिल्डिंगमागे गेली, परत आली, परत गेली. मुलगा आला, नवरा आला, तिघं गॅलरीत ओळीने उभे. सातव्या गाठीला तिच्या पोटरीत गोळा आला. ती लंगडत गेली पण थांबली नाही, आणि वरून पहिल्यांदाच कुणी काही सांगितलं नाही. आठव्या गाठीला नवरा पिशवी घेऊन खाली उतरला, तोंड पाडून. "मी दुकानात जाऊन येतो," म्हणाला, जणू सीमेवर निघालाय. तिने वाट सोडली नाही, तोच बाजूला झाला.

दहावी गाठ अकरा वाजून चौदा मिनिटांनी पडली. फोनवर हिरवी खूण आली. तिने तो आकडा आधी भावाला पाठवला, मग जिना चढून गेली आणि थेट सोफ्यावर बसली, मुलाच्या जागेवर. बूट पायातच.

नवरा पिशवी ठेवून उभा होता. "झालं का?"

"झालं. पन्नासला जातेय मी." तिने पाय टेबलावर टेकवले. "आणि अहो, उभेच आहात तर पाणी आणा."

त्याने आणलं.