खोट्या सोबत्यांची वही

प्रचंड वस्तुमानाचे तारे बहुधा एकटे जन्मत नाहीत. त्यांच्या निकट लहान, मंद सोबतीही असावेत, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे. परंतु ज्याचे तेज सूर्याच्या सहस्रावधी पट, त्याच्या कुशीतला मिणमिणता ठिपका दिसावा कसा? त्यासाठी दुर्बिणीत ताऱ्याच्या प्रतिमेवर एक सूक्ष्म झाकण धरतात आणि झाकणाबाहेर सांडलेला झगमगाट गणिताने वजा करतात. एवढे करूनही काही डाग मागे राहतातच, आणि ते हुबेहूब सोबत्यासारखे दिसतात. या गाळसाळातून खरा ठिपका वेचणारी नजर कितपत विश्वासार्ह, याची परीक्षा घेणारे एक गृहस्थ वेधशाळेच्या कार्यालयात होते. पदनाम ‘चित्र-तपासनीस’, पण सारे कार्यालय त्यांना ‘खोटेकाका’ म्हणे. ही पदवी त्यांनी बावीस वर्षे निर्विकारपणे धारण केली.

त्यांचे काम ऐकायला चमत्कारिक वाटेल. झाकण बाजूला सारून घेतलेली ताऱ्याचीच प्रतिमा घ्यायची, ती हजारो पटींनी मंद करायची आणि चित्रांच्या मालिकेत एखाद्या ठिकाणी गुपचूप रोवायची. आकाश फिरते तसा खरा सोबती चित्रागणिक ताऱ्याभोवती किंचित सरकतो, डाग मात्र जागचे हलत नाहीत. म्हणून खोट्यालाही त्याच चालीने चालवावे लागे. शोधणाऱ्याला अर्थात काहीच ठाऊक नसे. त्याने आपल्याला दिसलेले ठिपके नोंदवले, की काका कपाटातून वही काढत आणि आपले खोटे सोबती त्यांतून वजा करत. उरेल ते आकाशाचे.

वहीचीही एक रीत होती. नवा खोटा सोबती आधी पेन्सिलीने लिहायचा. तो न्याय्य आहे, म्हणजे फार सोपाही नाही आणि अशक्यही नाही, अशी खात्री पटली की त्यावर शाई फिरवायची. पटली नाही तर खोडरबर. कागदावर खाडाखोड त्यांना खपत नसे.

त्यांच्या निवृत्तीला नऊ दिवस उरले होते, तेव्हाची ही हकिगत.

समोरच्या खोलीतली संशोधिका चार वर्षे ऐंशी महाताऱ्यांची चित्रे डोळ्यांत तेल घालून पाहत होती. काकांनी त्यांत तीस खोटे रोवले होते. तिने तेवीस ओळखले. आणि एका ताऱ्यापाशी एक ठिपका असा सापडला, जो वहीत नव्हता. दोन महिन्यांपूर्वी ती धावत आली होती.

“काका, हा तुमचा का?”

त्यांनी पान उलटून पाहिले. “माझा नाही.”

“नीट बघा हो. चष्मा लावून.”

“चष्मा नाकावरच आहे. त्या ताऱ्यापाशी माझा एकच, तो उजवीकडे. हा माझा नाही.”

“मग खाली बसा,” ती म्हणाली, “कारण मला नाचायचंय आणि खोली लहान आहे.”

‘माझा नाही’ या दोन शब्दांवर तिचा शोधनिबंध उभा राहिला. ठिपका मागच्या एखाद्या दूरच्या ताऱ्याचाही असू शकेल, हे ती जाणून होती. तो महाताऱ्याबरोबरच आकाशात सरकतो का, हे पाहायला काही वर्षांनी पुन्हा चित्र घ्यावे लागणार होते, आणि दुर्बिणीचा तो वेळ या निबंधाच्या बळावरच मिळणार होता. चार वर्षांच्या खटाटोपाचे हे एकमेव फळ. निबंध सोमवारी धाडायचा ठरला.

शुक्रवारी सकाळी काका आपल्या संगणकातल्या फायली पुढच्या माणसासाठी लावून ठेवत होते. त्या ताऱ्याच्या फायलींशी येऊन त्यांचा हात थांबला. उजवीकडचा खोटा सोबती मूळ चित्रांत नव्हे, मूळ चित्रांच्या एका प्रतीत रोवला गेला होता. आणि ती प्रत त्या रोवणीच्या दोन दिवस आधीची होती. दोन दिवस आधी त्यांनी त्या प्रतीत काय केले असावे? मग आठवले. त्यांनी डावीकडे, नेमका तिच्या ठिपक्याच्या जागी, एक सोबती रोवला होता, आणि ‘हा फारच मंद, कोणाच्या बापाला दिसायचा नाही, उगाच अन्याय’ असे म्हणून रद्द केला होता. वहीतली पेन्सिल पुसली होती. प्रत पुसायची राहिली होती.

त्यांनी मूळ चित्रे काढून सारी वजाबाकी नव्याने लावली. पाच तास लागले. डावीकडे काही नव्हते.

दुपारी जेवायला घरी गेले नाहीत, म्हणून पत्नीचा फोन आला. त्या एका रुग्णालयात परिचारिका होत्या.

“उपास धरलाय का? इतकं काय अडलंय?”

काकांनी थोडक्यात सांगितले. “विचार करतोय, आधी प्रमुखांच्या कानावर घालावं.”

“अहो, चुकीची गोळी दिली गेली तर आधी रोग्यापाशी जातात. साहेब काय पळून जात नाहीत.”

“ती कोसळेल गं.”

“कोसळेल. तुम्ही उभे राहा म्हणजे झालं. आणि जेवा काहीतरी.”

ते उठले आणि समोरच्या खोलीत गेले. दार लावून घेतले, ही त्यांची सवय नव्हती.

“डावीकडचा ठिपका माझा आहे,” ते म्हणाले.

ती हसली. “निवृत्तीची थट्टा का?”

त्यांनी दोन्ही चित्रे, प्रतीतले आणि मुळातले, शेजारीशेजारी ठेवली. तिने डावीकडची जागा दोन्हींत बोटाने ताडून पाहिली.

“तुम्ही मला सांगितलंत, माझा नाही.”

“सांगितलं. वही पाहून सांगितलं. वहीच अपुरी होती.”

“बावीस वर्षं लोक तुमच्या वहीवर डोळे मिटून विसंबतात, काका!”

“तीच चूक. तू डोळे उघडे ठेवलेस, मी मिटले.”

“सोमवारनंतर सांगितलं असतंत तर?”

“तर तुझ्या नावावर माझा खोटा राहिला असता.”

तिने त्यांना बाहेर जायला सांगितले; आवाज चढवला नाही. काकांनी प्रमुखांना लेखी कळवले, आणि इतर एकोणऐंशी ताऱ्यांच्या फायली एकेक करून मुळाशी ताडून पाहिल्या. त्यांत चार दिवस गेले. दुसरी चूक निघाली नाही. त्या चार दिवसांत ती त्यांच्याशी बोलली नाही. जिन्यात भेट झाली तेव्हा बाजूला सरली.

सोमवारी निबंध गेला नाही. गुरुवारी तिने नवा मसुदा काकांच्या मेजावर आणून ठेवला आणि उभीच राहिली. सोबती गेला होता. ऐंशी ताऱ्यांपाशी अमुक तेजापर्यंत काही आढळले नाही, एवढेच आता त्यात होते. अशा निबंधाला दुर्बिणीचा वेळ कोण देणार, हे दोघांनाही ठाऊक होते. तक्त्यात मात्र एक ओळ वाढली होती: रोवलेले एकतीस, ओळखलेले चोवीस.

“याला तुम्ही अशक्य म्हणून पुसला होतात ना?” तिने विचारले.

“हो.”

“मग ‘कोणालाही दिसणार नाही’ ही मर्यादा आणखी खाली न्यायला हवी. मी नेली आहे. रोवणाऱ्यालासुद्धा माहीत नव्हतं, इतकी कडक परीक्षा आजवर कोणी दिली नसेल.” ती हसली नाही. “रागावले आहे मी अजून. पण आकडा बरोबर आहे का, तेवढं बघा.”

काकांनी चष्मा पुसला. मंदपणाचे प्रमाण तिने अंदाजाने एकास पन्नास हजार लिहिले होते. त्यांनी फाईल उघडून ताडले, पेन्सिल बाजूला ठेवली, आणि शाईने दुरुस्ती केली: एकास बासष्ट हजार.

“तू लिहिलंस त्याहून मंद पाहिलास,” ते म्हणाले.

तिने कागद उचलला, आकडा पुन्हा एकदा वाचला आणि खुर्ची ओढून बसली.