घशाची साथ

ख्रिस्तात आपण सारे एक शरीर आहोत. आमच्या मंडळीत या शरीराचं डोकं पुढच्या बाकांवर बसतं आणि पाय दाराजवळ, चपलांशेजारी.

मी आणि आई पायांत. आम्ही सुरगाण्याकडच्या आदिवासी. नाशिक रोडला नर्स म्हणून लागले, तेव्हा आईला घेऊन आले.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं. आमच्याकडे द्राक्षारसाचा चांदीचा एकच प्याला, सगळ्यांनी त्यातूनच घोट घ्यायचा. वेदीच्या कठड्याशी रांगेनं गुडघे टेकायचे. पाळक डावीकडून प्याला देत येतात, प्रत्येकानंतर पांढऱ्या फडक्यानं कड पुसतात. आधी पुढचे बाक, मग आम्ही. आईला कमी दिसतं. जागा दिसली तिथं ती टेकली. पुढच्या बाकवाल्यांच्या मधोमध. मी पोचेपर्यंत प्याला तिच्या ओठांना लागला होता.

पाळकांनी कड पुसली. मग पुन्हा पुसली.

शेजारी मंडळीच्या सेक्रेटरींच्या बाई होत्या. त्यांनी तोंडावर पदर धरला. "आज घसा बरा नाही."

पलीकडच्या वकीलसाहेबांचाही नव्हता. त्यांच्या सुनेचाही नव्हता. रांग संपेपर्यंत एकाचाही नव्हता. नोकरीत एवढ्या वेगानं पसरलेली साथ मी पाहिलेली नाही. शेवटच्या गीताला मात्र सगळे घसे खणखणीत.

आई बाकावर येऊन ओठ पुसत राहिली. "माझ्या तोंडाला काय लागलंय का, बाय?"

काय सांगणार? या पुढच्या बाकवाल्यांच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेताना देव सोडले, जानवं सोडलं. जात तेवढी जपून बरोबर आणली. प्याल्यातला द्राक्षारस दिंडोरीकडचा. तिथल्या मळ्यांत द्राक्षं तोडायला आमचीच माणसं उतरतात. हात चालतात. ओठ चालत नाहीत.

बाहेर सेक्रेटरींनी गाठलं. "सिस्टर, आईंना मागच्या रांगेतच आणत जा. आपल्या माणसांत त्यांना बरं वाटेल." मग हसून म्हणाले, "आणि ऐक्य रविवारी दोघी तुमच्या पारंपरिक वेशात या हं. फोटो छान येतात."

"येऊ की," मी म्हटलं. "पुढच्या बाकावर बसू."

त्यांचं हसू तसंच राहिलं. उतरवायचं कसं ते सुचेना.

ऐक्य रविवारी आम्ही रोजच्याच साड्या नेसून गेलो. दारात आई थबकली. "मागंच बसू गं."

"तोंड धुऊन आलीस ना?"

"आले की."

"मग?"

आई माझा हात सोडून माझ्या पुढं चालायला लागली.

कठड्याच्या डाव्या टोकाला आम्ही टेकलो. पहिला घोट आईचा, दुसरा माझा. आमच्यानंतर साथ पुन्हा आली.

तेव्हापासून दर प्रभुभोजनाला डावं टोक आमचं आहे. आम्ही मागं जाणार नाही. माझ्या आईचं उष्टं ज्याला चालत नाही, त्यानं कोरड्या तोंडानं घरी जावं.

आशीर्वाद दिलेला द्राक्षारस ओतून देता येत नाही. उरेल तेवढा पाळकांनीच तिथं संपवायचा, असा नियम आहे. हल्ली बराच उरतो.

पाळकांना मधुमेह आहे.