गावात हवा कुणाची

पाणी यायच्या आधी नळातून हवा येते. शेजारच्या काकूंनी आज पाचव्या दिवशी तोटी सोडली. घरात बाळंतीण लेक, हंडे रिकामे. नळ नुसता फुसफुसला.

"बघ रे, तुझी हवा आली," काकू म्हणाल्या.

नगराध्यक्षाच्या निवडणुकीत आमच्या उमेदवाराच्या, भाऊंच्या पत्रकावर "गावात हवा भाऊंचीच!" ही ओळ मीच लिहिली होती. एका विनोदी चॅनेलने तिच्याखाली असाच फुसफुसणारा नळ दाखवला. गाव हसलं, मी तावातावाने निषेधाचं पत्रक काढलं, भाऊ निवडून आले. चॅनेलने खोटं काय दाखवलं होतं, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आता संताप यायला हवा, निदान लाज. काहीच येत नाही. तोटीखाली हंडा धरून मी उभा आहे. हवा अजून आमचीच आहे.