परीराणीच्या प्रधानपदाविषयी

माझ्या पत्नीच्या वर्षश्राद्धाला वाटण्यासाठी आमच्या मुलीने जी पुस्तिका छापायला घेतली, तिच्या शेवटच्या प्रकरणातील मजकूर असत्य आहे, हे मी तिला प्रथम तोंडी आणि नंतर लेखी कळवले. त्या प्रकरणात परीराणी आपल्या प्रधानाला खाडीपलीकडे हाकलून देते आणि पुढे एकटी राज्य करते. असे काहीही घडलेले नाही.

ज्यांना मूळ प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नालासोपाऱ्याजवळच्या गास गावात आमची वाडी आहे. आता तिच्या निम्म्या भागावर इमारत उभी असली, तरी त्या काळी विहिरीपासून रस्त्यापर्यंत मोगराच होता. सकाळी खुडलेल्या कळ्या ओल्या फडक्यात ठेवायच्या, दुपारच्या जेवणानंतर केळीच्या खोडातून काढून सुकवलेल्या धाग्याने त्यांचे गजरे बांधायचे, आणि उन्हे उतरायच्या आत ते नालासोपाऱ्याला स्टेशनजवळच्या दुकानात पोचवायचे, असा आमच्याकडचा क्रम होता. हे काम घरातल्या आणि शेजारच्या बायका ओसरीवर करीत. बांधताना हात चालतात पण डोके रिकामे राहते, म्हणून माझ्या पत्नीने त्यांना एक गोष्ट सांगायला सुरुवात केली. ती गोष्ट तिने तीस वर्षांहून अधिक काळ चालवली. टोपली संपली की गोष्ट थांबे आणि दुसऱ्या दिवशी तेथूनच पुढे सुरू होई. तिने त्यातला एक शब्दही कधी लिहून ठेवला नाही; मुलीची पुस्तिका म्हणजे आठवणीवरून लिहिलेली तीच गोष्ट.

मी शाळेत इतिहास शिकवला आणि मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. कोणत्याही राजवटीविषयी बोलताना आधी साधने तपासावीत ही माझी सवय आहे. परीच्या राजवटीलाही मी तोच नियम लावला, यावर आमच्या घरात पुष्कळ हसणे झाले.

राणीचे चरित्र, ज्याविषयी सर्वांचे एकमत आहे तेवढे, असे. ती राजघराण्यातली नव्हती. म्हाताऱ्या राणीला दरबारात सारखी झोप लागे आणि मुकुट घसरून जवळ बसलेल्या परीच्या मांडीवर पडे. ती परी दर वेळी उठून तो परत घालीत असे. एके दिवशी तिने तो परत घातला नाही. राज्यावर आल्यावर तिने पहिला हुकूम काढला तो इच्छांविषयी. तोवर जो मोठ्याने रडेल त्याची इच्छा आधी पुरी होई. तिने रांग लावायला सांगितले. मग जादूच्या काठ्या थोरल्या पऱ्यांच्या कपाटातून काढून चावडीवर ठेवल्या, ज्याला गरज असेल त्याने न्यावी आणि पुसून परत आणावी. आपले पंख आपण धुवावेत असा तिसरा हुकूम होता. ज्यांचे पंख गळून पडले होते त्या पऱ्यांना दरबारात यायला मनाई होती. त्यांना तिने पहिल्या रांगेत बसवले. आणि कोणत्याही परीचे लग्न तिला विचारल्याशिवाय ठरवायचे नाही, हेही तिने लिहून दरवाजावर लावले.

या राज्यात एक प्रधान होता. त्याचे काम प्रत्येक हुकमावर हरकत घेणे हे होते. तो प्रधान म्हणजे मी, असे गावात सर्रास म्हटले जाते. माझी मुलगी तसे समजते, माझ्या धाकट्या भावाची पत्नी तर माझ्या तोंडावर म्हणते. मला हे कधीच मान्य नव्हते, आणि समजा तो मी असेनच, तर त्याला हाकलून दिले हे मला अजिबात मान्य नव्हते. पत्नी गेल्यावर मी रडलो नाही, असेही म्हणतात. ते खरे आहे, त्यावर माझा वाद नाही. पाय बराच वेळ मांडीखाली राहिला की त्यावर हात ठेवला तरी तो दुसऱ्या कोणाचा वाटतो. माझे वर्ष तसे गेले. वेळेवर जेवलो, डोळ्यांत थेंब घातले, बँकेत जाऊन तिचे नाव कमी करून आलो. परंतु ते प्रकरण वाचले तेव्हा, तिने खरोखरच मला असे बाहेर काढले होते का, हा एक प्रश्न जागा झाला आणि बसू देईना.

मुलगी विरारहून रविवारी आली, भावजयही तिच्याबरोबर आली. दोघी ओसरीवर बसल्या. मी माझे लेखी निवेदन वाचून दाखवले. माझे म्हणणे असे होते की प्रधान शेवटपर्यंत पदावर होता आणि राणी त्याचा सल्ला घेत असे. पुराव्यादाखल मी सांगितले की आतल्या खोलीत खिडकीशी वर्तमानपत्र वाचताना मी स्वतः, माझ्या कानांनी, "थांबा, प्रधानाला विचारून बघते," हे राणीचे वाक्य ऐकले आहे.

"बाबा, आणि त्यावर सगळ्या बायका हसल्या, ते नाही ऐकू आलं?" मुलगी म्हणाली.

"हसण्याची नोंद पुराव्यात होत नाही."

"आई डोळा मारायची ते वाक्य बोलताना. तुम्हाला भिंतीतून कसं दिसणार!"

भावजय म्हणाली, "दादा, तुम्ही एक दिवस तरी इथे खाली बसलात का? एक कळी तरी बांधलीत?"

मी म्हणालो की मला शाळा होती. ती म्हणाली, शाळेला सुट्ट्या असतात. हे विषयांतर होते आणि मी ते माझ्या वहीत तसे नोंदवले.

मग बंदीचा मुद्दा निघाला. तो प्रसंग मी नाकारत नाही. राणीच्या राज्यारोहणाचा भाग रंगला होता आणि ऐकण्याच्या नादात बायकांचे हात मंदावले. मोगऱ्याची कळी कोणासाठी थांबत नाही. अर्धी टोपली ओसरीवरच उमलली, उमललेली फुले गजऱ्यात चालत नाहीत, दुकानदाराने सगळा माल परत पाठवला. मी ओसरीवर येऊन म्हणालो, "उद्यापासून काम करताना तोंडं बंद." एवढेच वाक्य. मुलीच्या पुस्तिकेत या वाक्याचे एक संपूर्ण प्रकरण झाले आहे. प्रधान राज्यात बोलण्यास बंदी घालतो आणि वर्षभर एकही परी शब्द उच्चारत नाही.

"वर्षभर नव्हे. चार दिवस," मी म्हणालो.

"मला वर्ष वाटलं," मुलगी म्हणाली. "मी सात वर्षांची होते."

"तुला काय वाटले हा प्रश्न नाही. किती दिवस झाले हा प्रश्न आहे."

"चार नाही नि वर्षही नाही," भावजय म्हणाली. "पंधरा दिवस. माझ्या माहेरी जत्रा होती, मी गेले तेव्हा बंद, परत आले तरी बंदच. दादा, तुम्ही इतिहास शिकवलात, पण मी तिथे होते."

मी चार दिवसांवर ठाम राहिलो, आजही आहे.

यानंतर भावजय जे बोलली त्याची मला अपेक्षा नव्हती. पंख गळालेल्या पऱ्यांचा हुकूम कुठून आला ते पुस्तिकेत का नाही, असे तिने मुलीला विचारले आणि स्वतःच सांगितले. ती लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा माझी विधवा आत्या आमच्याकडेच राहत असे. माझी पत्नी उंबऱ्यात म्हणाली की नव्या सुनेची ओटी पहिल्यांदा आत्या भरतील. नंतर आत्याने ओटी भरली.

"या हुकमावर प्रधानाने हरकत घेतली असं तू लिहिलंयस," भावजय मुलीला म्हणाली. "ते मात्र चूक. हरकत घेतली नाही."

"पाहा," मी म्हणालो.

"दादा, तुम्ही उठून बाहेर गेलात. मांडवातली ट्यूबलाइट लुकलुकत होती, ती बघायला."

ट्यूबलाइट खरोखरच लुकलुकत होती. वहीत मी एवढेच लिहिले की हरकत घेतल्याचे विधान साक्षीदाराने फेटाळले. मला काही वाटले का, असे मुलीने जाताना विचारले. काही वाटले नव्हते. तसे मी तिला सांगितले. ती चपला घालीत म्हणाली, "शेवट मी बदलणार नाही, बाबा. मला तसाच आठवतो."

त्या दोघी गेल्यावर वही पुन्हा वाचताना माझ्या लक्षात एक गोष्ट आली, जी शाळेत मी मुलांच्या सहज लक्षात आणून दिली असती. दोन्ही साक्षीदार जुन्या काळातले होते. मुलगी लग्न होऊन गेली, भावजयीने वेगळा संसार थाटला, आणि त्यानंतरही राणीचे राज्य पंधरा-एक वर्षे चालूच होते. मोगरा कमी झाला, बांधणाऱ्या बायका एकेक करून गेल्या, पण दुपारची गोष्ट थांबली नाही. त्या वर्षांत ऐकणारी जी एक व्यक्ती नियमाने येत होती, तिला कोणी काही विचारलेच नव्हते. ती म्हणजे राजोडीची मासळीवाली. पाटी फाटकापाशी उतरवून ती ओसरीच्या पायरीवर बसे. मला ते पसंत नव्हते, कारण मांजरे जमत.

बुधवारी ती आली. मी तिला बसायला सांगितले आणि स्वतः खुर्ची बाहेर आणली.

"काय गुरुजी, आज बोंबील घ्यायला सोता आलाव?"

"मासळी नको. परीराणीच्या गोष्टीविषयी विचारायचे आहे."

ती हसली, मग पदराने तोंड पुसले. "विचारा. पन आधी पानी द्या."

मी पाणी आणले. प्रधानाचे शेवटी काय झाले, असे मी विचारले. मी कोणताही सूचक प्रश्न केला नाही.

"कोन प्रधान?"

"राणीचा प्रधान. हरकती घेणारा."

"नाय बा. मी ऐकत होते त्यात प्रधान कधी नव्हताच." मग ती थांबली, बोटांवर काहीतरी मोजल्यासारखे केले. "हां, एकदा मीच विचारलं होतं. म्हटलं, ताई, रानी हाय, दरबार हाय, मग प्रधान कसा नाय? तर म्हनाली, होता पयला. ते पद काढून टाकलं."

"का?"

"म्हनाली, ज्या कामाला मानूस येतच नाय, ते पद नुसतं ठेवून काय करायचं. हुकूम काढला आनि काढून टाकलं."

"त्याला हाकलले?"

"छे, हाकलते कशाला? भांडन नाय, तंटा नाय. त्याला सांगितलंबी नाय म्हने. तो आपला त्याच्या खोलीत बसून होता, त्याला वाटत होतं आपन प्रधानच हाव." ती मोठ्याने हसायला लागली आणि माझ्याकडे बघून थांबली. "गोष्ट होती हो, गुरुजी."

"हे किती वर्षांपूर्वी सांगितले?"

"मी नवीन येत होते तवा. लई वर्सं झाली. मग पुढं किती काय काय केलं रानीनं! विहिरी बांधल्या, शाळा काढली पऱ्यांची. प्रधानाचं नाव परत कोनी काढलं नाय. कोनाला आठवन पन झाली नाय."

पुढे ती आणखी बराच वेळ बोलत होती. पऱ्यांच्या शाळेत हजेरी कशी घेत, समुद्रावरून येणाऱ्या पाहुण्यांना कोणता कर माफ होता, हे सर्व मी वहीत उतरवून घेतले. अक्षर नीट आले. मुलीच्या शेवटाप्रमाणे मी राणीशी लढून हरलेला प्रधान ठरलो असतो, आणि माझ्या शेवटाप्रमाणे तिच्या शेजारी बसलेला. पत्नीने माझ्यावर राग धरला होता का, याचे उत्तर मी वर्षभर शोधत होतो. उत्तर असे निघाले की पंधरा वर्षे दररोज दुपारी, भिंतीपलीकडे, मी त्या राज्यात नव्हतो, आणि तिकडे सर्व सुरळीत चालले होते. ती रागावली असती तर मला हाकलून देण्यासाठी निदान एक दुपार तरी तिने खर्च केली असती.

मी मुलीला फोन केला आणि तिचा शेवट चुकीचा आहे हे सिद्ध झाल्याचे कळवले. माझाही चुकीचा आहे, हेही सांगितले. मग वहीतला मजकूर वाचून दाखवला.

"बाबा, हे नको छापायला. मी प्रधानाचं प्रकरणच काढून टाकते. राणीच्या हुकमांवर पुस्तिका संपवते, छान दिसेल."

"काढायचे नाही."

"लोक वाचतील. सगळ्यांना माहीत आहे प्रधान कोण ते."

"तो मी नव्हे, हे मी तुला शंभरदा सांगितले आहे," मी म्हणालो. "पण राजवटीतला एक हुकूम सापडला आहे आणि त्याला साक्षीदार आहे. तो गाळून चरित्र छापता येणार नाही."

"तुम्हाला त्रास होईल."

"मला काही होत नाही. तू येऊन कागद घेऊन जा."

ती आली तोवर मी शेवटचे प्रकरण पुन्हा लिहून ठेवले होते. प्रधानपद रद्द करण्याचा हुकूम मी सरकारी मसुद्याच्या पद्धतीने लिहिला, कारण राणीला पद्धत सांभाळण्याची आवड होती, यावर सर्व साधनांचे एकमत आहे. ‘कारण’ या रकान्यात मासळीवालीने सांगितलेले वाक्य जसेच्या तसे घातले. बोलण्यावरील बंदीच्या प्रकरणात ‘वर्षभर’ हा शब्द खोडून ‘चार दिवस’ असे केले. मुलीने ते वाचले, पेन घेतले आणि चार खोडून पंधरा केले. मी पुन्हा चार केले. तिने कागद तसाच पिशवीत घातला. छापून आलेल्या पुस्तिकेत काय आहे ते मी अजून उघडून पाहिलेले नाही.