तीन काळ्या गाड्या आणि वैशालीताईंची ड्यूटी

ओरखड्याचं एक बरं असतं, भिया. गाडीवर एक पडतो आणि ऑफिसात त्याचे चार किस्से होतात! आमच्या पार्किंगमध्ये तर तीन वर्षं तीन काळ्या गाड्या उभ्या होत्या: एक माझी, एक खरेची आणि एक आमच्या वानखेडे सरांची. इंदूरच्या उन्हात काळी गाडी! पण खरे म्हणाला, "अपन शान में चलेंगे," आणि आम्ही ऐकलं.

'माझी' म्हणजे म्हणायला माझी. गाड्या लीजच्या. तीन वर्षं चालवायच्या आणि जशा नेल्या तशा परत करायच्या. हेड ऑफिसची अट होती की तिन्ही गाड्या शेवटच्या इन्स्पेक्शनमध्ये पास झाल्या, तरच आमच्या ब्रँचला पुढची गाडी. एक जरी फेल झाली, तर स्कीम बंद!

आणि वेटिंग लिस्टमध्ये पहिलं नाव होतं डिस्पॅचच्या वैशालीताईंचं. सतरा वर्षं त्या राऊहून स्कूटरवर येतात. त्यांचे सासरे, अण्णा, मिलमधून रिटायर झालेले. राजवाड्याला चक्कर मारल्याशिवाय अण्णांचा रविवार साजरा होत नसे. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पाय दुमडेना, स्कूटर सुटली, ऑटोही सुटली. दोन वर्षं माणूस घरात. रोज संध्याकाळी ताई दारात पोचल्या की एकच प्रश्न: "सूनबाई, गाडीचं काय झालं?"

म्हणजे गाड्या आमच्या आणि जीव टांगणीला वैशालीताईंचा!

*

पहिला गुन्हा माझाच.

मी स्वच्छ शहराचा स्वच्छ नागरिक! रोज सकाळी कोरडं फडकं घ्यायचो आणि गाडी गोल गोल पुसायचो. पाण्याचा थेंब नाही, नुसता जोर. शेजारीपाजारी कौतुकाने बघायचे, मला अजून जोर यायचा.

एका दुपारी कडक उन्हात ताई बोनटवर वाकल्या. "अहो, हे काय? सगळीकडे बारीक बारीक गोल रेघा!"

गाडी मल्हारगंजात बबलूभियाकडे नेली. पॉलिशमध्ये त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्याने मोबाइलचा टॉर्च लावला, दोन मिनिटं नुसतं बघितलं आणि विचारलं, "रोज करते थे?"

"हओ, रोज! एकही दिवस चुकवला नाही."

"भिया, आपने गाड़ी पोंछी नहीं, माँज दी!"

धुळीसकट घासल्यामुळे झालं होतं ते. ताईंनी माझं फडकं जप्त करून ड्रॉवरमध्ये कुलूपबंद केलं. दुसऱ्या दिवशी टेबलावर मऊ कापड आणि चिठ्ठी: 'आधी धुणे. मग पुसणे. सरळ!'

*

खरेची तऱ्हाच वेगळी. शनिवारी ऑफिसात पोहे-जिलेबी त्याच्याकडून, आणि टेबल म्हणजे त्याच्या गाडीचं बोनट! वर सेव, जिरावन मसाला, लिंबू, सगळा थाट. प्लेटा मात्र स्टीलच्या, कारण कागदावर पोह्यांची मजा येत नाही म्हणे.

ताईंनी वरच्या खिडकीतून पाहिलं आणि तिथूनच ओरडल्या, "खरेऽऽ! प्लेट!"

खरे असा दचकला की प्लेट उचलायच्या ऐवजी त्याने ती ओढली. करर्र! चार बोटं लांब ओरखडा.

ताई जिने उतरून धावत आल्या. खरे प्लेट छातीशी धरून म्हणतो, "ताई, एक पोहासुद्धा सांडला नाही हं!"

बबलूभियाने ओरखड्यावरून नख फिरवलं. "नाखून अटक रहा है. ये पॉलिश से नहीं जाएगा." ताईंचा चेहरा उतरला. ओरडल्या त्याच होत्या ना!

*

वानखेडे सर मात्र सावध माणूस. महूहून येतात, हळू चालवतात, झाडाखालीसुद्धा गाडी लावत नाहीत. रंगपंचमीची गेर, म्हणजे आमच्याकडची रंगांची मिरवणूक, बघायला आले, तेव्हा ताईंनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "सर, कव्हर घाला! रंगाचा भरवसा नाही."

सरांनी बबलूभियाच्या दुकानासमोर गाडी लावली, कव्हर घातलं, दोऱ्या बांधल्या आणि निवांत राजवाड्याला गेले. पण महूपासूनची धूळ गाडीवर तशीच होती! वारा सुटला, कव्हर दिवसभर फडफडलं, आणि आतल्या आत सगळं छत खरवडून निघालं.

संध्याकाळी सर आले. स्वतः नखशिखांत गुलाबी! गाडीवर रंगाचा ठिपका नाही. कव्हर काढलं आणि छतावरून बोट फिरवलं.

"रंग लागला असता तर धुतला तरी असता," एवढंच म्हणाले.

*

मग दसरा. खरेच्या आईने बोनटवर हळदीकुंकवाचं चांगलं हातभर स्वस्तिक काढलं आणि ताकीद दिली की दिवाळीपर्यंत पुसायचं नाही. दिवाळीला पुसलं, तर उन्हाने ते गाडीच्या रंगात उतरलेलं! बबलूभियाला दोन दिवस लागले.

पुढच्या दसऱ्याला ताई पार्किंगमध्ये पहाऱ्यालाच उभ्या. "नारळ खाली फोडा, हार आरशाला घाला, पण बोनटला बोट लावायचं नाही!"

खरेची आई भडकली. "आमच्या देवाला तुझ्या लीजची भाषा कळत नाही, वैशाली!"

"आणि इन्स्पेक्टरला देवाची कळत नाही, काकू!"

*

शेवटी इन्स्पेक्शनचा दिवस उजाडला. माझी गाडी चकाचक, सरांचं छत चकाचक, बबलूभिया की जय! राहिला खरेचा ओरखडा. नियम असा की एटीएम कार्डाच्या लांबीत मावला तर माफ. खरे महिनाभर रोज सकाळी कार्ड लावून मोजायचा, जणू रात्रीत तो वाढणार होता.

इन्स्पेक्टर आला. तरुण, अबोल. त्याने टॉर्च लावला आणि कार्ड काढलं. ताईंनी डोळे मिटून माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

"चलेगा."

अहो, काय आरडाओरडा झाला! वानखेडे सर चक्क नाचले. एवढ्यात इन्स्पेक्टर कोपऱ्यातल्या स्कूटरपाशी थांबला. पोचे, गंज, दोरीने बांधलेला आरसा.

"और ये? इसका तो अब कुछ नहीं हो सकता."

"मालूम है भिया, मेरी है!" ताई हसत होत्या की रडत होत्या, त्यांनाच ठाऊक.

*

ताईंची गाडी आली ती पण काळीच! आम्ही सगळे पार्किंगमध्ये, दोन हात लांब उभे. जवळ जायची हिंमत कोणाची? सरांनी राऊहून अण्णांना आणलं. इस्त्रीचा सदरा, टोपी, हातात काठी. अण्णा गाडीभोवती एक पूर्ण चक्कर चालले, मग समोर आले आणि खिशातून कुंकवाची डबी काढली.

आम्ही ताईंकडे बघितलं. ताईंनी पुढे होऊन अण्णांची काठी धरली.

अण्णांनी अनामिका कुंकवात बुडवली आणि बोनटवर टेकवली. त्याच बोटात त्यांची पोवळ्याची जुनी अंगठी, ढिली होऊन पेरापर्यंत घसरलेली. पहिली रेघ ओढली मात्र...

करर्र!

"गेली!" खरे ओरडला.

अण्णांचा हात जागीच थांबला. "काय गं सूनबाई? काही चुकलं का?"

ताईंनी बोनटकडे बघितलं. मग अण्णांच्या हाताकडे.

"नाही अण्णा. जरा दाबून काढा. तीन वर्षं टिकलं पाहिजे!"