वरच्या माणसाचं पाणी

आमचा दादा टॉवर क्रेन चालवतो, आणि हे सांगताना माझी छाती अजूनही फुगते. बांधकामावर तो पिवळा उंच सांगाडा दिसतो ना, त्याच्या मानेजवळ काचेची एक खोली असते. त्या खोलीत माझा सख्खा भाऊ बसलेला असतो! मी खाली, हातात वॉकीटॉकी घेऊन. त्याला वरून जे दिसत नाही ते मी बघायचं आणि सांगायचं. वॉकीटॉकीवर त्याचं नाव 'वर', माझं 'खाली'. "वर, जरा डावीकडे." "खाली, घेतलं." घरी आम्ही धड दोन वाक्यं बोलत नाही, पण दिवसभर एकमेकांच्या कानात असतो.

जमिनीवर दादाला करमत नाही. सुट्टीच्या दिवशी तो घरात असा येरझाऱ्या घालतो की वहिनी म्हणते, "तुम्हाला गच्चीवर नेऊन बसवू का?" वर गेला की मात्र गडी खुलतो. अख्खी लोखंडी तुळई तो इतकी अलगद टेकवतो की खाली उभ्या मिस्त्रीचा चहा हिंदकळत नाही.

म्हणून वार्षिक तपासणीत कंपनीच्या डॉक्टरांनी दंडाचा पट्टा सोडला आणि ओठ मुडपले, तेव्हा मला आधी ती काचेची खोलीच आठवली. "ब्लड प्रेशर बरंच वाढलंय," ते म्हणाले. "गोळी देतो. दोन महिन्यांनी पुन्हा बघू. तेव्हाही हेच असलं तर मी सही करणार नाही. मग खालीच काम बघावं लागेल." खाली म्हणजे गोदामात, खिळ्यांच्या खोक्यांशेजारी! दादा त्या दिवशी वॉकीटॉकीवर "घेतलं" आणि "सोडलं" याखेरीज एक शब्द बोलला नाही.

गोळीबरोबर डॉक्टरांनी एक छापील कागद दिला होता. भरपूर पाणी प्या, फळं-भाज्या वाढवा, थोडं थोडं पण वेळेवर खा, जेवणानंतर अर्धा तास चाला, मीठ कमी करा, झोप पुरी घ्या. कागदाला नाव ठेवायला जागा नव्हती. पण तो लिहिणाऱ्याच्या खोलीबाहेर नळ असणार, पलीकडे संडास असणार. दादाच्या खोलीबाहेर फक्त शिडी आहे. पाणी प्यायलं की उतरावं लागतं, उतरलं की क्रेन थांबते, आणि क्रेन थांबली की स्लॅबवरची माणसं हात बांधून बसतात आणि काँक्रीट घट्ट व्हायला लागतं. दादाने वर्षानुवर्षं शरीराला सवय लावली होती: सकाळी चहा, मग संध्याकाळपर्यंत कोरडं.

आता दुसरा कोणी असता तर कागद खिशात घालून विसरला असता. आमचा दादा म्हणजे सांगितल्या कामाचा बैल! दिवसा जमत नाही ना, मग त्याने सगळा कागद घरी आल्यावर पाळायला सुरुवात केली. बूट काढले की ग्लासामागून ग्लास, दिवसभराचं पाणी एका बैठकीत. मग फळांची परात, मग उकडलेल्या भाज्यांचा ढीग, मग इमारतीभोवती अर्धा तास चालणं. आणि मग रात्रभर संडासाच्या फेऱ्या. दिवा लागतोय, दिवा विझतोय, वहिनीच्या नाकी नऊ आले. त्यात दुपारचा डबा अर्धा परत यायचा तो यायचाच. "माझ्या हातची चव गेली का?" ती वैतागून विचारायची. दादा मान खाली घालायचा.

महिन्याभराने मधली तपासणी झाली. आकडा आणखी वर!

"सगळं केलं हो, डॉक्टर," दादा म्हणाला. "एकही ओळ सोडली नाही." त्याचा आवाज ऐकून मला रडू कोसळायचं बाकी होतं. राग आला तो वेगळाच, कोणावर काढायचा तेच कळेना. डॉक्टरही बुचकळ्यात पडले. त्यांनी गोळी बदलली आणि आम्हाला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथे एक आहारतज्ज्ञ बाई नव्याने रुजू झाल्या होत्या, माझ्यापेक्षाही लहान, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

"दुपारी जेवायच्या वेळी तुमचे हात कुठे असतात?" त्यांनी विचारलं.

दादा गोंधळला. "क्रेनच्या दांड्यांवर. कधीतरी एक सुटतो."

"मग एका हाताने डबा कसा उघडता?"

दादाने डोकं खाजवलं. बाई उठल्या. "मला वर यायचंय. तुमची खोली बघितल्याशिवाय मी काही लिहिणार नाही."

साइटवर गहजब झाला. साहेब म्हणाले, शक्य नाही. बाई म्हणाल्या, कमरेला बांधायचा पट्टा द्या, हेल्मेट द्या, वारा पडलेला असताना जाते. शेवटी साहेब हरले. वर दादा वाट बघत होता, बाईंच्या मागे शिडीवर मी. पहिल्या टप्प्यावर त्या थांबल्या, धापा टाकत म्हणाल्या, "हे रोज चढतात?" "रोज," मी म्हणालो. त्यांनी खिशातून कागद काढला आणि 'अर्धा तास चाला' या ओळीवर तिथेच काट मारली. मी हसलो तर शिडी हलली असं वाटून त्यांनी डोळे घट्ट मिटले. पण थांबल्या नाहीत! एकेक टप्पा करत ती एवढीशी पोर ढगांच्या दिशेने चालली होती आणि खाली सगळी साइट माना वर करून उभी होती.

केबिनमध्ये एकच खुर्ची. दादा दारात सरकला, मी बाहेरच्या जाळीवर, आणि बाई खुर्चीत. तिन्ही बाजूंना काच, ऊन अंगावर. त्यांनी एक हात दांडीवर ठेवला, दुसऱ्याने वहिनीचा डबा मांडीवर घेतला आणि झाकण ओढलं. झाकण निघालं ते रस्सा घेऊनच. पाय धुऊन निघाला! पुसायला फडकं शोधताना खुर्चीखालून खारे दाणे आणि वेफर्सची पाकिटं निघाली, आणि न उघडलेली पाण्याची बाटली.

"हे दातांनी फाडता येतं," दादा चोरट्यासारखा म्हणाला. "घरी सांगू नका."

बाई खळखळून हसल्या. "अहो, या खुर्चीत मीसुद्धा वेफर्सच खाल्ले असते! पण त्यातलं मीठ आणि तुमची मोडलेली झोप, गोळीला दोघांशी लढावं लागतंय." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "हुकला काम नसतं असं कधी होतं?"

"खाली काँक्रीटची बकेट भरत असते तेव्हा," मी म्हणालो. "हा वर नुसता बसून असतो."

"मग तेव्हा एक घोट. तुम्ही खालून आठवण करायची."

घोट घेतला की उतरायची सोय हवी. बाई खाली येऊन थेट साहेबांसमोर उभ्या राहिल्या. सकाळी आणि दुपारी एकेकदा राखीव चालक वर पाठवा, म्हणाल्या. साहेबांचा पारा चढला. "क्रेन थांबली तर किती नुकसान होतं माहितीय?"

"माणूस कोसळला तर किती वेळ थांबेल, साहेब?"

राखीव चालक मिळाला. वेफर्सचं बिंग घरी फुटलंच, आणि वहिनीने रस्सा बंद केला. एका हाताने उघडणारा डबा आला, त्यात अर्धी केलेली अंडी, छोटी सँडविचं, काकडी, सफरचंदाच्या फोडी, बिनमिठाचे दाणे. डबा चाटूनपुसून परत आला तेव्हा ती मला म्हणाली, "भावजी, आज मीच एक वेफर खाते!" रात्री दादा साधं जेवायचा, बेताचं पाणी प्यायचा आणि घोरायचा. ते घोरणं ऐकून घर सुखावलं.

घोटाची आठवण मी वॉकीटॉकीवर करत नव्हतो, तिथे कामाची बोलणी चालतात. मी मूठ वळून अंगठा तोंडाला लावायचो. एकदा साहेबांनी ते बघितलं. "कामावर पिण्याच्या खुणा करतोस?" ते असे कडाडले की मी अंगठा खिशात लपवला! खरं कळल्यावर सगळी साइट हसून लोळली, आणि दुसऱ्या दिवसापासून बकेट भरायला लागली की स्लॅबवरचा जो तो आकाशाकडे बघून अंगठा तोंडाला लावू लागला.

दोन महिने भरले. डॉक्टरांनी पट्टा बांधला, फुगवला, सोडला. पुन्हा बांधला. मग त्यांनी पेन उचललं आणि सही केली! गोळी चालू ठेवा, म्हणाले. दादाने त्यांचा हात एवढा हलवला की तेच म्हणाले, "अहो, माझं वाढेल!"

दुसऱ्या दिवशी मोठा स्लॅब होता. ऊन मी म्हणत होतं आणि मी आनंदाने नुसता धावत होतो. बकेट भरायला लागली. मी अंगठा तोंडाला लावला. काचेमागे काही हललं नाही. मी पुन्हा लावला.

वॉकीटॉकी खरखरली. "खाली, तू शेवटचं पाणी कधी प्यालास?"

मला आठवावं लागलं. सकाळी, घरी. "वर, मला काय धाड भरलीय? मी जमिनीवर आहे."

"दिवसभर उन्हात पळतोस. उद्या बाईंकडे जा. माझा कागद घेऊन जाऊ नकोस, तुझा वेगळा करून घे."

"बरं. आता घोट घे."

"आधी तू."

वर पाहिलं तर काचेमागे वळलेली मूठ आणि तोंडाला लावलेला अंगठा. बकेट भरली होती, मिस्त्री ओरडत होता, साहेब घड्याळ बघत होते. हुक हलला नाही. मी नळाकडे धावलो.