सुर्व्यांचं टॉन्सिल

पॅथॉलॉजीत दोन गोष्टी कधी टाकून देत नाहीत. एक म्हणजे पेशंटच्या गाठीचे मेणात बसवलेले तुकडे. त्यांना आम्ही ब्लॉक म्हणतो आणि ते नियमानं जपावे लागतात. दुसरे किस्से. ते कुणी न सांगता साठतात!

नव्वदीच्या दशकात वाशीच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी नवीन डॉक्टर म्हणून लागले. आम्ही तिघंच: हेड असलेल्या मॅडम, टेक्निशियन सुर्वे आणि मी. काम एवढंच, की गाठीचा पातळ काप काढायचा, रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघून तिचं खरं नाव सांगायचं. नाव चुकलं की औषध चुकतं, आणि मग माणूस हातचा जातो. म्हणूनच असेल, हसायची एकही संधी आम्ही सोडत नसू.

*

उरणकडून एक कोळीणमावशी नवऱ्याच्या पाठीतून काढलेली गाठ घेऊन आल्या. डॉक्टरांनी ती कुजू नये म्हणून फॉर्मालिनच्या बरणीत घालून दिली होती. मावशींच्या हातात मात्र मासळीचा थर्माकोलचा डबा!

"बरणीतलं पाणी कुठंय?" सुर्वे किंचाळलेच.

"त्या पान्याला कसला वास मारत व्हता! फेकून दिला. बर्फान घालून आनलंय. ताजा हाय, बघ."

सुर्व्यांनी कपाळाला हात लावला. मॅडमनी गाठ नीट बघितली, ती शाबूत होती. "वाचलो," त्या म्हणाल्या. "मावशी, पुढच्या वेळी तेवढा वास सहन करा हं."

"पुढच्या येली? बाय माजे, पुढची येल नको आनू गो!"

मॅडमनी आमच्यासमोर स्वतःचे कान पकडले.

*

हाडाचा तुकडा आला की तो आधी ॲसिडमध्ये मऊ करावा लागतो, नाहीतर कापच निघत नाही. बेलापूरच्या एका सर्जनना हे पटत नसे. सकाळ-संध्याकाळ फोन. "झाला का रिपोर्ट?"

शेवटी मॅडम म्हणाल्या, "डॉक्टर, घरी वाल भिजत घातले तर मिसेसना तासातासाला विचारता का, भिजले का म्हणून?"

"विचारतो."

"मग त्या काय म्हणतात?"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला!

*

आता हणमंतराव. मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी कामगार. गळ्याला गाठ आली आणि बघता बघता वाढली. बाहेरच्या एका लॅबनं नाव दिलं ते थायरॉइडच्या सगळ्यात वाईट कॅन्सरचं. "घरी न्या, हवं ते खायला घाला," असं कुणीतरी सांगून टाकलं. त्यांची बायको सुमनबाई ब्लॉक पदरात बांधून आमच्याकडे आल्या. "एकडाव तुमी बगा, मग मी गावी नेते."

मॅडम कितीतरी वेळ मायक्रोस्कोपवरून उठल्या नाहीत. "त्या कॅन्सरच्या पेशी एकमेकींना धरून असतात. या सुट्यासुट्या आहेत," त्या म्हणाल्या. "हा लिम्फोमा असला तर? फार क्वचित होतो इथे, पण औषधाला दाद देतो."

ठरवायचं कसं? त्यासाठी परदेशी अँटिबॉडी लागायची. लिम्फोमा म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर; त्या पेशींना ती चिकटते आणि काप तपकिरी होतो. आमचं पार्सल नेमकं कस्टममध्ये अडकलं होतं. क्लिअरिंग एजंटचा फोन आला, "मॅडम, लफडा झालाय. पेपरवर माउस लिहिलंय. साहेब बोलतात, जनावराचं परमिट दाखवा."

अँटिबॉडी उंदरापासून बनवतात. उंदीर काही सोबत येत नाही! आणि तिकडे अँटिबॉडी थंड ठेवणारा खोक्यातला ड्राय आइस उडून चालला होता.

मॅडमनी फोन साहेबांना द्यायला लावला. "खोकं उघडा. आत उंदीर निघाला तर तुमचा. नाही निघाला तर माझ्या पेशंटला वाचवू द्या."

साहेबांनी त्याच दिवशी पार्सल सोडलं. वर स्वतःच्या डब्यासाठी आणलेला बर्फही भोवती भरून दिला. त्यांचं नाव मला कधीच कळलं नाही, पण मी मनातल्या मनात त्यांना कितीदा तरी हात जोडलेत.

*

असं रंगवताना शेजारी दुसरा एक काप ठेवतात, जो हमखास रंगणारच असा. तो रंगला तरच पेशंटच्या निकालावर विश्वास. निरोगी टॉन्सिलमध्येही याच पांढऱ्या पेशी भरपूर असतात, म्हणून यासाठी ते उत्तम. आणि आमच्याकडचं टॉन्सिल होतं खुद्द सुर्व्यांचं! आमच्याच हॉस्पिटलात काढलं, त्यांनीच त्याचा ब्लॉक केला. त्यामुळे लॅबचा नियमच होता: "आधी सुर्वे बघा!"

हणमंतरावांचा काप मी बघितला. तपकिरीचा ठिपका नाही. माझं तोंड उतरलं. म्हणजे पहिलाच रिपोर्ट खरा.

"सुर्वे बघितलेस?" मॅडमनी विचारलं.

सुर्वेही कोरे!

"मग अजून काहीच ठरलेलं नाही. पुन्हा रंगवा."

दुसऱ्या खेपेला सुर्वे छान तपकिरी झाले. मग मी काच हळूच सरकवली. हणमंतरावही तपकिरी! अगदी काठापर्यंत. मला रडू आवरेना. मॅडम म्हणाल्या, "आधी रिपोर्ट लिही, मग रड."

*

औषधं सुरू झाली, गाठ विरली, हणमंतराव पुन्हा पोती उचलू लागले. आपला रिपोर्ट कसा निघाला ते त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सगळं सांगितलं होतं, शेजारच्या टॉन्सिलसकट.

भाऊबीजेला सुमनबाई लॅबच्या दारात उभ्या. हातात ताट, कुंकू, अक्षता, करंज्या, निरांजन. मागे हणमंतराव.

"सुर्वेदादा कोन वं?"

सुर्वे मेणानं माखलेले हात घेऊन उठले.

"माज्या मालकाशेजारी तुमी हुता," त्या म्हणाल्या. "मला भाऊ न्हाई. बसा."

सुर्वे स्टुलावर बसले. सुमनबाईंनी काडेपेटी काढली मात्र, मॅडम ओरडल्या, "थांबा!"

लॅबभर झायलीन. एका ठिणगीनं पेट घेईल असं ते रसायन. मॅडमच्या राज्यात तिथे आजवर काडी ओढायची कुणाची छाती झाली नव्हती. सुमनबाईंचा हात तसाच थांबला, चेहरा पडला.

"बाहेर व्हरांड्यात बसू," सुर्वे पुटपुटले.

"भाऊ स्वतःच्या जागेवर बसतो," मॅडम म्हणाल्या. त्यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या, पंखे लावले, पदर खोचला आणि झायलीनचा एकेक कॅन उचलून व्हरांड्यात नेऊ लागल्या. मी धावले, हणमंतराव धावले. शेवटचा कॅन बाहेर गेला. वास पुरता जाईपर्यंत त्यांनी कुणाला हलू दिलं नाही. मग पंखे बंद केले, दिवा विझू नये म्हणून.

"हं," मॅडम म्हणाल्या. "आता पेटवा."